उद्या पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाचा नाश्ता

तालुक्याच्या गावांतील लहान, घरच्या मालकीच्या हॉटेलांचा गेल्या अंकात ओझरता उल्लेख केला होता. त्यावर सकाळच्या नाश्त्याविषयी इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांनाच देत आहे. पत्रे जागेअभावी थोडी आटोपती घेतली आहेत.

प्रश्न : कामानिमित्त महिन्यातले निम्मे दिवस मी एस.टी.ने फिरतो. गाडी जिथे नाश्त्याला थांबते तिथले पोहे कोरडे, चहा पाणचट आणि दर मात्र चढे, हा अनुभव इतक्यांदा आला आहे, की आता मी घरून डबा नेतो. परंतु गावात उतरल्यावर चांगले हॉटेल अनोळखी माणसाने ओळखायचे कसे?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आपला अनुभव खरा आहे आणि त्याचे कारणही साधे आहे. हमरस्त्यावरच्या थांब्यावर जे गिऱ्हाईक उतरते ते स्वतःच्या पसंतीने आलेले नसते. गाडी थांबली म्हणून ते आलेले असते, आणि आज त्याला कोरडे पोहे मिळाले म्हणून उद्याची गाडी तिथे थांबायची राहत नाही. गावातल्या हॉटेलाचे तसे नसते. तिथे सकाळी सातला येणारी चाळीस-पन्नास माणसे ठरलेली असतात, आणि त्यांतली दहा जण दोन दिवस फिरकली नाहीत तर मालकाला गल्ल्यात ते लगेच जाणवते. म्हणून शोधायचे ते उद्या पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाचे हॉटेल. एवढे एक ध्यानात ठेवले तर पाटी, रंगरंगोटी आणि मोबाइलवरचे तारे यांच्याकडे पाहण्याची फारशी गरज उरत नाही.

अशी हॉटेले कुठे असतात तेही ठरलेले आहे. तहसील कचेरी, न्यायालय, बाजार समितीचे आवार, भाजी मंडई आणि बसस्थानकाच्या मागची गल्ली, अशा जिथे माणसांना रोज त्याच वेळी यावे लागते त्या जागांच्या आसपास ती उभी राहतात. ठाण्याच्या प्रसिद्ध मामलेदार मिसळीचे नावच मुळी शेजारच्या मामलेदार कचेरीवरून पडले आहे. गावात आठवडी बाजार असेल त्या दिवशी हॉटेले नेहमीपेक्षा लवकर उघडतात आणि माल ताजा असतो, परंतु गर्दीमुळे बसायला जागा मिळणे अवघड जाते. निवांत खायचे असेल तर बाजाराचा दिवस टाळावा.

सांगली जिल्ह्यातल्या अशाच एका हॉटेलात काही वर्षांपूर्वी सकाळी बसलो होतो. बाकावर एक हमाल येऊन टेकला आणि काही न बोलता त्याने दोन बोटे वर केली. मालकाने मिसळीची थाळी भरली, कटाची पळी पातेल्यात बुडवली, अर्धी भरून घेतली, वरची तर्री पळीच्या पाठीने बाजूला सारली आणि खालचा रस्सा तेवढा उसळीवर सोडला. मग दोन पाव ठेवून थाळी त्याच्यापुढे सरकवली. त्या माणसाला पित्ताचा त्रास आहे, हे मला शेजारी बसलेल्या गृहस्थांनी नंतर सांगितले. पळी तशी धरण्याचा तो प्रकार मी अजून विसरलेलो नाही. चांगले हॉटेल ओळखण्याची याहून पक्की खूण मला ठाऊक नाही.

आपल्याला व्यवहारात उपयोगी पडेल असे एवढेच सांगतो. शक्यतो साडेसात ते नऊच्या दरम्यान जावे. बसल्याबरोबर खाद्यपदार्थांचा फलक वाचू नये, शेजारच्या तीन-चार बाकांवर काय चालले आहे ते पाहावे आणि "आत्ता गरम काय आहे?" असे विचारावे. मालक प्रामाणिक असेल तर तो स्वतःच "वडे आत्ता नको, दहा मिनिटांनी नवा घाणा निघेल" असे सांगतो. एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. कर्जतचा वडा आणि शेगावची कचोरी ही दोन्ही नावे रेल्वे स्थानकांवर, म्हणजे वाटसरूंच्या जिवावर, मोठी झाली आहेत. तरीही मला तो नियमाचा भंग वाटत नाही, कारण कर्जतच्या घाटावर ये-जा करणारा प्रवासी आणि शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणारा भाविक हे दोघेही वारंवार परतणारे आहेत.

प्रश्न : आमचे मूळ गाव कोल्हापूरजवळ, पण यजमानांच्या बदल्यांमुळे पुणे, नाशिक असे करत आता नागपूरला आलो आहोत. प्रत्येक ठिकाणी मिसळीचा रस्सा मागण्याचा शब्द वेगळा आणि मिसळही वेगळी. यातली खरी मिसळ कोणती?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, खरी-खोटी असा निवाडा मी करणार नाही, कारण ज्या गावात जी मिसळ खात माणूस वाढला ती त्याच्यासाठी खरी असते, फरक मात्र सांगण्यासारखे आहेत. कोल्हापुरात मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर फरसाण, कांदा आणि लालभडक कट येतो, आणि सोबत पावाऐवजी ब्रेडचे जाड काप देण्याची तिथली जुनी रीत आहे. पुण्याच्या जुन्या हॉटेलांत उसळीच्या जोडीला पोहे आणि बटाट्याची भाजीही घालतात, आणि वरून लागणाऱ्या रश्श्याला 'सँपल' म्हणतात. नाशिकची चव काळ्या मसाल्याची. तिथे पापड आणि दही ताटात असणारच, आणि गंगापूर रस्त्याच्या बाजूला मळ्यांमध्ये चुलीवरची मिसळ देणारी जी ठिकाणे निघाली आहेत तिथे रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे येतात.

आपण आता ज्या गावात आहात तिथे मात्र मी आपल्याला मिसळ मागू नका असेच सांगेन. नागपूरचा सकाळचा मान तर्री पोह्यांचा आहे. वाफाळत्या पोह्यांवर हरभऱ्यांची झणझणीत तर्री ओतली की वरचे दाणे भिजतात, खालचे मोकळे राहतात, आणि एकाच थाळीत दोन चवी मिळतात. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाची सवय असल्याने हा पदार्थ आपल्याला परका वाटणार नाही.

आणखी फिरणे झाले तर प्रत्येक भागात तिथलेच मागावे. लातूर-सोलापूरकडे भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी दिलेली सुशीला मिळते. सुसला असेही तिला म्हणतात. ती हलकी असते आणि ताजीच खावी लागते. मालवण-कुडाळच्या बाजूला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे यांची जोडी आहे. सीमेपलीकडे गोव्यात सकाळ भाजी-पावाची असते. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही एकत्र करून दिलेली मिश्र भाजी, सोबत पाव किंवा कोंड्याची पोई, आणि गोड चालत असेल तर केळ्याचा बन. पाव पोर्तुगिजांबरोबर आला, परंतु भोंगा वाजवत सायकलवरून फिरणारा पोदेर, म्हणजे पाववाला, आजही गोव्यातल्या अनेक गावांत पहाटे दारावर येतो. भाजी-पावाच्या हॉटेलाची चव निम्मी त्याच्या हातात असते. पणजीतली जुनी कॅफे प्रसिद्ध आहेतच, पण मडगावच्या बाजारातल्या लहान हॉटेलांत सकाळी आठच्या सुमारास जी लगबग असते ती एकदा तरी अनुभवावी.

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीत तीन महिने राहणार आहोत. घराजवळ एक 'डायनर' आहे, लोक सकाळी तिथे जातात. आम्ही दोघे शाकाहारी, फक्त अंडी खातो. तिथे जावे का, आणि काय मागावे?
— एक वाचक, सध्या एडिसन

उत्तर : अवश्य जावे. आपण योग्य राज्यात आहात, कारण डायनरची, म्हणजे तिकडच्या साध्या हॉटेलांची, जगाची राजधानी म्हणून न्यू जर्सीचेच नाव घेतले जाते. या प्रकाराची सुरुवात १८७२ मध्ये ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने रात्रपाळीच्या लोकांसाठी सुरू केलेल्या घोड्याच्या खाद्यगाडीपासून झाली असे मानतात. पुढे रेल्वेच्या डब्यासारखी दिसणारी तयार हॉटेले कारखान्यांत बनू लागली. त्यांतले बरेच कारखाने न्यू जर्सीत होते आणि तिथून ती दूरदूर पाठवली जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतली कितीतरी ग्रीक स्थलांतरित कुटुंबांनी चालवली. मुंबईत उडुपीच्या मंडळींनी जे केले त्याची आठवण यावी असे ते काम आहे.

मागण्याचे म्हणाल तर दोन अंडी, कांदा घालून परतलेले बटाटे म्हणजे होम फ्राइज, आणि राय नावाच्या धान्याच्या ब्रेडचा टोस्ट. अंडे कसे हवे हे तिथे विचारतातच. पिवळा बलक वर ठेवलेले अंडे 'सनी साइड अप', उलटून हलकेच भाजलेले 'ओव्हर ईझी', आणि आपल्या भुर्जीच्या जवळचे 'स्क्रॅम्बल्ड'. मात्र बटाटे आणि अंडी बहुधा ज्या सपाट तव्यावर होतात त्याच तव्यावर बेकन, म्हणजे डुकराचे मांसही भाजले जाते. आपल्याला ते चालणार नसेल तर वेगळ्या पॅनमध्ये करून द्यायला संकोच न करता सांगावे. पॅनकेक घेतलात तर मेपलचे खरे सिरप आहे का ते विचारा, कारण टेबलावरचे सिरप पुष्कळदा मक्याच्या साखरेचे असते. कॉफीचा कप रिकामा दिसला की पुन्हा भरून देतात, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. बिलावर पंधरा ते वीस टक्के टीप ठेवावी आणि ती दानधर्म समजू नये. अमेरिकेच्या संघीय कायद्यात टीप मिळणाऱ्या कामगाराची किमान रोख मजुरी १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवरच थांबली आहे. न्यू जर्सीत ती जास्त असली तरी इतर कामगारांपेक्षा कमीच आहे, तेव्हा वाढणाऱ्या बाईंचे घर आपल्या टीपेवर चालते.

प्रश्न : वडे-भजी वर्तमानपत्रात बांधून देण्यावर बंदी आहे ना? आमच्याकडे अजून सर्रास देतात.
— एक वाचक, शिरूर

उत्तर : आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार वर्तमानपत्राचा कागद खाद्यपदार्थ बांधण्यास वापरता येत नाही, कारण गरम तेलात शाई विरघळून पदार्थात उतरते. तळणाच्या तेलातील, ते पुन्हा पुन्हा तापल्याने वाढणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली की ते तेल वापरू नये, हा नियमही १ जुलै २०१८ पासून लागू आहे. आपल्याकडे मोजण्याचे यंत्र नसले तरी तेल काळपट व दाट झाले असेल, कढईत फेस टिकून राहत असेल आणि मंद आचेवरच धूर येत असेल, तर त्या दिवशी तळलेले खाऊ नये. मालकाशी भांडण करण्याऐवजी घरून डबा न्यावा आणि "यात द्या" म्हणावे. चार जणांनी असे केले की कागद मागे पडतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

प्रश्न : वडिलांनी सुरू केलेले मिसळीचे छोटे हॉटेल मी आणि माझी पत्नी चालवतो. सकाळी साडेदहाला मिसळ संपते आणि नंतर आलेली माणसे नाराज होऊन जातात. मुलगा म्हणतो, चायनीज आणि पिझ्झा ठेवा, दिवसभर चालू ठेवा. काय करावे?
— एक हॉटेल व्यावसायिक, पंढरपूर तालुका

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि माझे मत स्पष्ट लिहितो. मिसळ संपते ही आपली उणीव नाही. सोमवारच्या मिसळीची मटकी शनिवारी रात्री भिजते, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली जाते आणि सोमवारी पहाटे मोड पाहून चुलीवर चढते. थंडीत तर याहून वेळ लागतो. साडेदहाला आलेल्या माणसासाठी ती त्या क्षणी वाढवता येत नाही, आणि ज्या हॉटेलात ती दिवसभर संपतच नाही तिथे कालची आज चालली आहे की काय, अशी मला शंका येते. फरसाण मऊ पडू न देता आणि कटात पाणी न वाढवता आपण ती संपवता, म्हणूनच ती माणसे इतक्या उशिरा का होईना, आपल्याच दारात येतात.

चायनीज आणि पिझ्झ्यासाठी वेगळा कच्चा माल, वेगळा शीतकपाट, वेगळा हात आणि १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा वाढता खर्च लागेल, आणि उरलेला माल फेकावा लागेल. मुलाच्या मनात धंदा वाढवण्याची इच्छा आहे, ही मात्र फार मोलाची गोष्ट आहे. ती मोडू नका. त्याला आधी महिनाभर एक वही द्या आणि रोज किती वाजता मिसळ संपली, त्यानंतर किती माणसे परत गेली आणि त्यांनी काय मागितले, हे लिहायला सांगा. आपल्या भागात एकादशीला आणि वारीच्या दिवसांत उपवासाचे गिऱ्हाईक किती असते हे आपण जाणताच. साबुदाण्याची खिचडी त्या वहीत वारंवार आली तर तीच साडेदहानंतरची आपली वाढ आहे, आणि तिला नवे भांडेसुद्धा लागणार नाही. आठवडी बाजाराच्या दिवसासाठी दोन दिवस आधी मटकी किती जास्त भिजवायची याचा अंदाजही त्याच वहीवरून बांधता येईल.

दर वाढवायचा असेल तर थाळी लहान करू नका. दोन-पाच रुपये वाढवा आणि तारीख घालून फळ्यावर आठ दिवस आधी लिहा. त्याच फळ्यावर, शक्य असेल तर आपल्या वडिलांच्या वेळच्या अक्षरांत, "मिसळ सकाळी ७ ते संपेपर्यंत" हेही लिहा. परत जाणाऱ्या माणसाला ते आधीच वाचता आले, तर तो उद्या लवकर येईल.