मग ते धाबं पुन्हा घातलं कुणी?

तुम्ही विचारलंय की मार्ककृत शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या मार्कने लिहिलेल्या येशूच्या कथेच्या, पहिल्या दोन अध्यायांतल्या गोष्टी रोजच्या ख्रिस्ती जगण्याला कशा लावायच्या, कारण तुमच्या तरुण संघात प्रत्येक गोष्ट शेवटी ‘विश्वास ठेवा’ इथेच येऊन अडते. संडेस्कूलमध्ये मीही बरीच वर्षं हेच करत होतो. आजीने एकदा मला गप्प केलं, तिथून थोडा सुधारलो.

नगर जिल्ह्यातलं आमचं जुनं घर धाब्याचं. लाकडी तुळया, त्यावर आडवी लाकडं आणि काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाळ्याआधी वर चढून नवी माती टाकायची, चोपायची, नाहीतर घर गळणार. मी आजीला दुसऱ्या अध्यायातली पक्षघाती माणसाची गोष्ट रंगवून सांगत होतो. चौघांनी त्याला बाजेवर उचलून येशूकडे आणलं, गर्दीमुळे दारातून शिरता येईना, म्हणून छत उकरलं आणि बाज खाली सोडली. मी विश्वासावर येणार, तेवढ्यात आजी म्हणाली, “अरे, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर केवढी माती पडली असंल! आन् मग ते धाबं पुन्हा घातलं कुणी?”

ही गोष्ट जिथे घडते त्या कफर्णहूम गावची घरंही साधारण तशीच होती. भिंती काळ्या बसाल्टच्या, वर लाकूड, काटक्या, माती. मार्कने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थही ‘खणून काढणं’ असाच आहे. आजीला ग्रीकचा गंध नव्हता, पण छत तिला माहीत होतं.

तेव्हापासून मी तात्पर्याकडे धाव घेण्याआधी गोष्टीत कोण काय करतंय तेवढंच बघतो. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. ते चौघं अख्ख्या गोष्टीत एक शब्दही बोलत नाहीत. उचलतात, चढतात, उकरतात. आणि माती पडते ती आधीपासून आत, पुढे जागा धरून बसलेल्यांवर. आमच्या मंडळीत एका काकांची व्हीलचेअर आत येईना म्हणून तीन पायऱ्यांवर उतार बांधायचा विषय निघाला, तर ‘दर्शनी भाग बिघडेल’ म्हणून दोन महिने बैठका चालल्या. उतार झाला अखेर. पण त्या दोन महिन्यांत मला ही गोष्ट जितकी कळली तितकी कुठल्याही उपदेशात कळली नव्हती.

कोळ्यांच्या पाचारणाचंही तसंच, म्हणजे पहिल्या अध्यायात येशू शिमोन, याकोब, योहान या मासे धरणाऱ्यांना आपल्या मागे बोलावतो ती गोष्ट. ‘सर्व सोडून मागे गेले’ म्हणून तरुणांना नोकऱ्या सोडायला सांगणारे उपदेश मी ऐकलेत, आणि मला ते मुळीच पटत नाहीत. याकोब आणि योहान गेले, तेव्हा त्यांचा बाप जब्दी तारवातच राहिला. त्याच्यासोबत मजूर होते, हे मार्क आवर्जून सांगतो. म्हणजे म्हातारा अगदीच उघड्यावर पडला नाही, पण पोरांच्या वाटचं काम कुणाच्या तरी अंगावर आलंच. शिमोनाचंही घर सुटलं नाही. थोड्याच वचनांनंतर सगळे त्याच्याच घरी आलेत आणि त्याची सासू तापाने पडली आहे. पुढे प्रेषित पौल तर करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो की केफा, म्हणजे हाच शिमोन पेत्र, बायकोला सोबत घेऊन फिरतो.

सासूचा ताप उतरतो आणि ती त्यांची सेवा करू लागते. यावर आमच्या स्त्रीमंडळात हशा पिकतो: “बरी झाली की लगेच चहाला!” हशा रास्तच आहे. पण ज्या क्रियापदाने मार्क तिची सेवा सांगतो, तेच त्याने आधी अरण्यात येशूची सेवा करणाऱ्या देवदूतांसाठी वापरलंय, आणि दहाव्या अध्यायात येशू स्वतःबद्दल तेच वापरतो, मी सेवा करून घ्यायला नाही तर करायला आलो म्हणून. त्यामुळे उपासनेनंतर कप विसळणं हे बायकांचं काम आणि वेदीजवळचं ते खरं काम, अशी वाटणी करणाऱ्यांनी हे वचन जरा सावकाश वाचावं.

कुष्ठरोग्याबद्दल एवढंच सांगतो. त्याला लोक शिवत नसत, येशू आधी हात लावतो आणि मग ‘शुद्ध हो’ म्हणतो. कुणाला सांगू नकोस म्हटलं तरी तो माणूस गावभर सांगत सुटतो. परिणाम असा, की येशूला उघडपणे नगरात जाता येईना, तो बाहेर ओसाड जागी राहिला. गावाबाहेरचा माणूस आत आला आणि आतला बाहेर गेला.

संघात एक करून बघा. पहिल्या अध्यायाच्या 16व्या वचनापासून दुसऱ्याच्या 12व्या वचनापर्यंत, एकूण 42 वचनं, एका बैठकीत मोठ्याने वाचा. तात्पर्य कुणालाच विचारू नका. प्रत्येकाला एकेक माणूस वाटून द्या: जब्दी, त्याचा मजूर, सासू, कुष्ठरोगी, बाज उचलणारा, ज्याचं छत उकरलं तो. आपल्या जागेवरून काय दिसलं ते ज्याने त्याने सांगायचं. छतवाल्याला बोलायला जरा जास्त वेळ द्या.