रोमन थिएटर समजून घ्यायचीत? आधी एवढंच करा

मस्त विषय निवडलात! सुरुवातीला बहुतेकांचा एक घोळ होतो, कोलोसियमलाच थिएटर समजतात. ते अँफिथिएटर, लंबगोल, ग्लॅडिएटरच्या झुंजींसाठी. थिएटर अर्धगोल असतं आणि तिथे नाटकं, मूकाभिनय वगैरे चालायचं.

१. एकच थिएटर धरा. फ्रान्समधलं ओरांजचं घ्या, कारण स्टेजमागची भिंत तिथे अजून उभी आहे, १०३ मीटर लांब नि ३७ मीटर उंच, बाकी बऱ्याच ठिकाणी नेमकी तीच पडलीय त्यामुळे नवख्याला वाटतं थिएटर म्हणजे नुसत्या पायऱ्या.

२. कोण कुठे बसायचं ते बघा, खरी मजा तिथेच आहे! रोममध्ये अगदी पुढे सिनेटर, त्यांच्या लगेच मागच्या १४ रांगा इ.स.पू. ६७ च्या कायद्याने अश्वारोही वर्गाला (सिनेटरांच्या खालोखालचा श्रीमंत वर्ग), आणि सम्राट ऑगस्टसने तर बायकांना पार वरच्या टोकाला पाठवलं.

लॅटिन शब्द आत्ताच पाठ करू नका. दिसतंय ते सगळं मूळचंच असंही धरू नका, स्पेनमधल्या मेरिदाच्या थिएटरचे खांब विसाव्या शतकात परत उभे केलेत.

ओरांज टेकडीला टेकून आहे, ते झालं की रोममधलं मार्सेलसचं बघा (फोटोही चालतील), सपाट जमिनीवर कमानी रचून उभारलंय आणि त्याच्या वरच्या भागात आजही लोक राहतात.