३२ पानांत बाबासाहेब कसे बसवायचे?

प्रश्न: सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी डॉ. आंबेडकरांचं ३२ पानी चित्रचरित्र लिहिते आहे. जन्मापासून महापरिनिर्वाणापर्यंत सगळं घेतलं की सनावळी होते. काय ठेवू, काय गाळू?

उत्तर: बहुतेक सगळं गाळा आणि एकच धागा धरा. माझ्या मते तो पाण्याचा असावा. तहान कुठल्याही मुलाला समजावून सांगावी लागत नाही, आणि या आयुष्यात पाणी पहिलीच्या वर्गापासून राज्यघटनेपर्यंत खरोखरच वाहत आलं आहे.

आधी पानांचा हिशेब. ३२ पैकी पहिल्या तीन पानांत शीर्षक, प्रकाशनाची माहिती आणि अर्पणपत्रिका जाते. ४ ते २९ या पानांत तेरा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) मिळतात. ३०-३१ वर मोठ्यांसाठी कालपट, ३२ मोकळं. तेरा जोडपानांची वाटणी अशी करा: साताऱ्याची शाळा तीन, बैलगाडीचा प्रवास चार, परदेशातलं शिक्षण एक, महाड चार, घटना एक. प्रत्येक जोडपानावर ४० ते ५० शब्द, म्हणजे पुस्तक साधारण ६०० शब्दांचं. त्याहून वाढलं तर चित्रात दिसतं तेच तुम्ही पुन्हा लिहिताय असं समजा.

शाळा आणि प्रवास या दोन्हींसाठी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचं स्वतःचं टिपण हाताशी ठेवा. शाळेत कोपऱ्यात वेगळं बसायला गोणपाटाचा तुकडा, तो रोज घरी न्यायचा आणि परत आणायचा. नळाला हात लावायचा नाही. शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई नाही तर पाणीही नाही. न्हावी केस कापत नसे, म्हणून थोरली बहीणच कापायची. ही तीन चित्रं दाखवली की अस्पृश्यतेची व्याख्या लिहावी लागत नाही.

प्रवास १९०१ सालचा. वडील खटाव तालुक्यात रोखपाल होते; तिथं दुष्काळी काम म्हणून तलाव खोदला जात होता. त्यांना भेटायला निघालेल्या मुलांच्या अंगावर नवे सदरे, चमकदार टोप्या, रेशीमकाठी धोतरं. हे रंग चित्रात भरभरून येऊ द्या, कारण मसूर स्टेशनवर 'आम्ही महार' असं सांगताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलतो. कपडे तेच, मुलंही तीच. दुप्पट भाडं देऊन गाडी मिळते, पण हाकायची मुलांनीच, गाडीवान बाजूनं चालणार. डब्यात जेवण आहे, प्यायला पाणी नाही. रात्री टोलनाक्यावरही मिळत नाही. या जोडपानावर मजकूर ठेवूच नका. काळोख, नाक्याचा दिवा आणि न उघडलेला डबा पुरेसा आहे.

इथं बहुतेक लेखक कचरतात आणि 'काही लोक वाईट वागत' असं लिहून मोकळे होतात. तसं करू नका. मुलाला वाटतं, स्टेशनमास्तर दुष्ट होता. सरळ लिहा: लोक जात विचारत आणि जातीवरून कुणाला पाणी द्यायचं ते ठरवत. सहा वर्षांच्या मुलाला हे वाक्य पेलतं. वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी ही आठवण आहे, त्यांना गुळमुळीत वाक्य खोटं वाटतं.

महाडला एक बारकावा सोडू नका. नगरपालिकेनं १९२४ सालीच चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता, पण कुणी जाऊ देत नव्हतं. नियम आहे आणि पाणी नाही, हे मुलांना लगेच कळतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्यातून घेतलेली पाण्याची ओंजळ शाळेतल्या नळाखालच्या ओंजळीसारखीच काढा; कोन तोच, हात फक्त मोठे. नंतरचा हल्ला आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' एका जोडपानात येऊ द्या. आजचा कठडा आणि पुतळा मात्र चित्रात घुसू देऊ नका.

शेवटच्या जोडपानावर घटनेचा कलम १५ घ्या. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट ही नावं चक्क लिहिलेली आहेत! 'बाबासाहेबांनी एकट्यानं घटना लिहिली' असं लिहू नका. ते मसुदा समितीचे अध्यक्ष होते. घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला, अंमल २६ जानेवारी १९५० पासून.

भाषेत 'तो' आणि 'ते' यांचा सांधा ठरवा. साताऱ्यातला भिवा (बाबासाहेबांचं लहानपणचं नाव) 'तो', महाडचे बाबासाहेब 'ते'. बदल परदेशाच्या जोडपानावर, पान उलटताना. आधीपासून 'ते' वापरलं तर गाडीतलं तहानलेलं मूल दिसेनासं होतं. संवाद मनानं रचू नका. टिपणात आहेत तेवढेच बोल घ्या, तेही स्वतः मराठीत आणून: बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क २०१६ अखेर संपला, पण हे टिपण त्यांच्यानंतर प्रसिद्ध झालं, म्हणून त्याचा हक्क आधी तपासून घ्या; इतरांच्या अनुवादांचाही संपलेला नसू शकतो. छायाचित्रांची परवानगी वेगळी.

छपाईसाठी अक्षर १८ पॉइंट, फॉन्ट 'मुक्त' किंवा 'बालू'. दोन्हींत जोडाक्षरं स्वच्छ उमटतात. रंगीत छपाईत चार रंगांच्या चार प्लेटा असतात; मजकूर फक्त काळ्या प्लेटवर ठेवा. चार रंगांत गेला तर प्लेट जराशी सरकली तरी बारीक वेलांट्यांना रंगीत सावली येते, आणि पुढं हिंदी आवृत्ती काढताना चारही प्लेटा बदलाव्या लागतात. चेहरे आणि मजकूर मधल्या शिवणीपासून १२ मिमी दूर, चित्र चहूबाजूंनी ३ मिमी जास्त, कारण कागद कापताना कडा जाते. युनिकोड मजकूर जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये टाकला की रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, म्हणून शेवटचं प्रूफ कागदावरच वाचा.

रंग भरण्याआधी आठ ए-फोर कागद दुमडून पेन्सिलीची डमी करा आणि चार-पाच मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. ज्या पानावर मूल चित्र सोडून तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं, तिथला मजकूर निम्मा करा.