काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाचा माग: आधी शिक्षा कोणत्या राज्याने दिली ते ठरवा

आपण विचारले आहे की, आपल्या आजोबांचे एक काका 1885 च्या सुमारास बडोद्यातून "काळ्या पाण्यावर" गेले एवढेच घरात ऐकिवात आहे, वंशावळीच्या कागदावर त्यांचे नाव खोडलेले आहे, आणि त्यांचा गुन्हा, शिक्षा व शेवट जुन्या कागदांतून शोधायचा असेल तर सुरुवात कोठून करावी. मी बडोद्यातच राहते. आमच्या घरातील अशाच एका माणसाच्या शोधात माझी सहा वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

बहुतेक लोक सुरुवात अंदमानपासून करतात, आणि तेथेच चुकतात. पहिला प्रश्न हा की शिक्षा कोणी दिली, गायकवाड सरकारने की इंग्रजांनी? बडोदे संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे चार प्रांत सुरत, भरूच, खेडा या इंग्रजी जिल्ह्यांत आणि काठेवाडातील लहान संस्थानांत असे गुंतलेले होते की एका गावची शीव ओलांडली की राज्य बदलत असे. बडोद्याच्या कॅम्पात, म्हणजे छावणीत, आणि रेल्वेच्या जमिनीवर इंग्रजांचा अंमल चाले. त्यामुळे शहरातील रावपुरा भागात राहणाऱ्या माणसाच्या हातून गुन्हा वाड्यात घडला असेल तर त्याचे कागद गायकवाडी दफ्तरात असतील, आणि तोच गुन्हा स्टेशनच्या फलाटावर घडला असेल तर कदाचित मुळीच नसतील. संस्थानाजवळ कैदी पाठवायला स्वतःचे बेट नव्हते; समुद्रापलीकडे पाठवायचे तर इंग्रज सरकारच्या संमतीवाचून ते होत नसे. म्हणून घरात "काळे पाणी" हा शब्द ऐकला तरी तो ऐकीव शब्द समजावा, पुरावा समजू नये.

हे मी ठासून लिहिते, कारण आमच्या घरात नेमके हेच झाले होते. माझ्या खापरपणजोबांचे थोरले बंधू सत्तावनच्या बंडात सापडले आणि अंदमानला गेले, असे आम्हाला लहानपणापासून सांगितले जाई. पहिली दोन वर्षे मी फक्त अंदमानच्या याद्या पाहण्यात घालवली आणि काहीच हाती लागले नाही. नंतर मोडी शिकून संस्थानी कागद वाचू लागले, तेव्हा एका रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात, त्यांच्या पत्नीचा अर्ज सापडला. नवऱ्याची नेमणूक, म्हणजे सरकारातून मिळणारी ठरावीक रक्कम, बंद झाल्याने मुलाबाळांची उपासमार होते, तरी ती आपल्या नावे चालू व्हावी, असे तिने मागितले होते. खाली तिची सही नव्हती, बांगडीची निशाणी होती; लिहिता न येणाऱ्या बाईची सही त्या काळी अशीच असे. अर्जाच्या पाठीवर कारकुनाचा शेरा होता की, अर्जदाराचा नवरा वतनाच्या भांडणात चुलतभावाला मारल्यावरून, आणि तो त्या माराने मेल्यावरून, पायात बेडी घालून बडोद्यातच कैदेत आहे. वर्ष होते सन इसन्ने सितैन मयातैन व अलफ. बंड नाही, समुद्र नाही, अंदमान नाही. घरापासून अर्ध्या कोसावर तो माणूस कैदेत होता, आणि घरच्यांनी त्याला मनाने समुद्रापलीकडे पोचवले होते.

ते वर्ष कसे वाचायचे तेही सांगते, कारण 1875 पूर्वीचे मराठी कागद हाताळायचे असतील तर त्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. हा शुहूर सन आहे आणि तो अरबी संख्याशब्दांत, एककापासून उलट्या क्रमाने लिहितात: इसन्ने म्हणजे दोन, सितैन साठ, मयातैन दोनशे, अलफ हजार, मिळून 1262. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला 599 आणि पुढच्या महिन्यांना 600 मिळवावेत. येथे 1861-62 हे साल येते. तारीख मात्र चांद्र मुसलमानी महिन्याची असते आणि तिच्याआधी "छ" हे अक्षर असते, ते वर्षाचा भाग समजू नये. गुजराती कागदांत विक्रम संवत भेटेल. तो तेथे कार्तिकात बदलतो, म्हणून दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत 57 आणि एरवी 56 वजा करावेत.

नावांच्या बाबतीत याहून अधिक सावध राहावे लागते. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि घाईच्या हातात एक अक्षर दुसऱ्यासारखे दिसते. आडनाव पुष्कळदा नसतेच. "बिन" आला की पुढे बापाचे नाव, "कोम" आला की पुढे नवऱ्याचे नाव, एवढ्यावरून माणूस ओळखावा लागतो. म्हणून आपल्या या पूर्वजांचे केवळ नाव माहीत असून भागणार नाही, त्यांच्या वडिलांचे नाव आणि मूळ गाव पक्के करा. इंग्रजी कागदांत तर एकाच माणसाच्या नावाची तीन पानांत तीन रूपे आढळतात. नाव इंग्रजी कानाला जसे ऐकू आले तसे उतरले आहे असे धरून, मोठ्याने उच्चारून शोधावे.

आपले प्रकरण 1885 चे असेल तर आपली वाट माझ्यापेक्षा सोपी आहे. 1875 मध्ये मल्हारराव महाराज पदच्युत झाल्यावर दिवाण राजा सर टी. माधवराव यांनी न्यायखात्याची घडी नव्याने बसवली, आणि 28 डिसेंबर 1881 रोजी सयाजीराव महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा हे काम बरेच स्थिरावले होते. त्यानंतरच्या खटल्यांना क्रमांक आहेत, निकालपत्रे आहेत, वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलेल्या अपिलांची नोंद आहे. बडोद्यात गुजरात राज्य अभिलेखागाराचे जे कार्यालय आहे तेथे जाऊन आधी फौजदारी निकाल पाहा आणि त्यानंतरच तुरुंगाचे कागद मागा. निकाल मिळाला की गुन्ह्याची जागा कळते, आणि जागा कळली की राज्य कळते.

तेथे काही न मिळाल्यास इंग्रजी बाजूकडे वळावे लागेल. येथे एक तपशील उपयोगी पडतो: 1875 पर्यंत बडोद्याची रेसिडेन्सी, म्हणजे दरबारातील इंग्रज प्रतिनिधीची कचेरी, मुंबई सरकारच्या हाताखाली होती, नंतर ती थेट हिंदुस्थान सरकारकडे गेली. त्यामुळे रेसिडेन्सीचा आधीचा पत्रव्यवहार शोधताना मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखात, आणि नंतरच्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाणे शहाणपणाचे. सुरत, भरूच किंवा खेडा जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात शिक्षा झाली असेल तर मात्र साल कोणतेही असो, मुंबईच्या न्याय विभागाचे खंड पाहावे लागतील. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या "अभिलेख पटल" या संकेतस्थळावर सूचीतील नोंदी घरबसल्या चाळता येतात, आणि त्यांत गृह खात्याची पोर्ट ब्लेअर ही स्वतंत्र शाखा आहे. त्या शाखेला मी फार महत्त्व देते, कारण 1942 ते 1945 या जपानी अंमलात खुद्द अंदमानातील दफ्तराचा मोठा भाग नष्ट झाला, आणि आता जे हाती लागते ते मुख्यतः तेथून कलकत्त्याला किंवा सिमल्याला धाडलेल्या पत्रांतून.

अंदमानबद्दल दोन समजुती आधीच दूर कराव्यात. सेल्युलर जेलचे बांधकाम 1896 मध्ये सुरू होऊन 1906 मध्ये पुरे झाले. 1885 चा कैदी तेथे गेला तेव्हा ती इमारतच नव्हती, म्हणून तिच्या भिंतीवरील नावांत त्याला शोधू नये; तेथील नावे प्रामुख्याने नंतरच्या राजबंद्यांची आहेत. आणि कैद्यांची वसाहत मार्च 1858 ची, त्यामुळे त्याआधी कोणाला "समुद्रपार" पाठवले असेल तर सिंगापूर, पिनांग, मलाक्का किंवा मॉरिशस यांचा विचार करावा.

खरोखरच अंदमानचा माग लागला, तर तेथील कैद्याच्या गळ्यात एक लाकडी टिकट असे, त्यावर त्याचा क्रमांक, दंडविधानाची दफा, म्हणजे कलम, शिक्षेची तारीख आणि सुटकेची तारीख कोरलेली असे. हा क्रमांक एकदा मिळाला की नावाच्या निरनिराळ्या रूपांचा सगळा गोंधळ संपतो, म्हणून प्रत्येक कागदात आधी क्रमांक शोधा. काही वर्षे नीट वागलेल्या कैद्याला स्वतःच्या कष्टावर राहण्याची मोकळीक मिळे, त्याला शेत करता येई, गावाकडील बायकोला बोलावून घेता येई किंवा तेथील कैदी स्त्रीशी लग्न करता येई. त्यांच्या वंशजांना तिकडे आजही "लोकल बॉर्न" म्हणतात. आपल्या घरातील ती खोडलेली रेघ तेथे पुढे वाढलेली असणे अशक्य नाही.

खोडलेल्या नावाविषयी आपण मुद्दाम लिहिले आहे. मोठ्या गुन्ह्याने वा समुद्र ओलांडल्याने पतित ठरलेल्या माणसाचा जिवंतपणीच घट फोडून त्याला मेलेला समजत. "घटस्फोट" हा शब्द मुळात तिथला आहे, नवरा-बायकोचा नव्हे. परंतु तीर्थोपाध्यायांच्या वहीत हे खोडणे टिकत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी आहेत, त्या गावावरून आणि आडनावावरून काढतात. आमच्या वंशावळीत ज्यांच्या जागी कोरा कागद होता, त्यांचे नाव खापरपणजोबांनी तेथे स्वतःच्या हाताने, भावांच्या रांगेत, पहिले लिहिले आहे. पिंड द्यायचा तर नाव आणि गोत्र उच्चारावेच लागते. दफ्तरात शोधायला जाण्यापूर्वी ही वही पाहिली असती तर माझी निदान दोन वर्षे वाचली असती, म्हणून आपण आधी तेथे जा असे मी आग्रहाने सांगते.

हे सारे उकरून घरच्यांना दुखवावे का, असेही आपण विचारले आहे. जे कागदात आहे ते जसेच्या तसे सांगावे, असे माझे मत आहे. गुन्हेगाराला क्रांतिकारक करू नये, आणि ज्याचा जीव गेला त्याचेही नाव सांगताना घ्यावे. आमच्या प्रकरणात तोही आमच्याच कुळातील होता आणि त्याच्याही मागे बायकामुले होती. मी तो अर्ज वाचून दाखवला तेव्हा माझ्या पंच्याऐंशी वर्षांच्या आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "म्हणजे ते इथेच होते तर."

शेवटी एक कामाची गोष्ट. केवळ कैद्याच्या नावाने शोधू नका, त्याच्या पत्नीच्या, आईच्या आणि भावाच्या नावानेही शोधा. नेमणूक, वतन, घर यांविषयीचे अर्ज तेच करत, आणि कैद्याची हकीकत त्यांच्या अर्जांत येते. कागदांची छायाचित्रे घ्यायला परवानगी मिळाली तर पाठकोरी बाजू दिसली तरीही ती उलटून पाहा, कारण शेरा तेथेच असतो, आणि कोपऱ्यात बारीक हाताने लिहिलेला असला तर पहिल्या नजरेला दिसत नाही. मोडीतला एखादा शेरा अडला तर येथे त्याचे छायाचित्र टाका, मी वाचून देईन.