बकेट रिकामी दिसते, मग डिलीट का होत नाही?

प्रश्न : आमचं फोटो अपलोड करायचं छोटं अ‍ॅप आहे. टेस्टिंगसाठी अ‍ॅमेझॉन एस-थ्रीवर (क्लाउडवर फाइल्स ठेवायची सेवा) एक बकेट, म्हणजे फाइल्सचा डबा, बनवली होती ती आता काढून टाकायचीय. कमांड लाइनवरून सगळं रिकर्सिव्ह डिलीट केलं, लिस्ट मागवली तर एकही फाइल येत नाही, पण डिलीट बकेट म्हटलं की 409 एरर, बकेट नॉट एम्प्टी. वर स्टोरेजचं बिल चालूच आहे. भानगड काय आहे नक्की?
– एक डेव्हलपर, पुणे

उत्तर : तुमच्या बकेटवर व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या प्रती जपून ठेवायची सोय) चालू आहे, मी जवळजवळ खात्रीने सांगते. कुणीतरी सुरुवातीला सेफ्टी म्हणून ऑन केलं असणार (आणि ते चांगलंच केलं). व्हर्जनिंग असताना तुम्ही नुसतं फाइलचं नाव देऊन डिलीट करता तेव्हा एस-थ्री काहीच पुसत नाही, तो त्या नावावर एक डिलीट मार्कर ठेवतो, म्हणजे भरलेल्या पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं. साधी लिस्ट मागितली की झाकलेलं काही दिसत नाही, फाइल मागितली तर 404 (सापडत नाही) येतो, पण आतली जुनी व्हर्जन्स जशीच्या तशी पडून असतात आणि प्रत्येकाचं भाडं लागतं. आणि हो, व्हर्जनिंग एकदा चालू केलं की पूर्ण बंद होत नाही, फक्त सस्पेंड होतं, त्याने जुनी व्हर्जन्स जात नाहीत. त्यामुळे सस्पेंड करून परत डिलीट मारत बसू नका.

आता करायचं काय, तर साध्या लिस्टऐवजी लिस्ट ऑब्जेक्ट व्हर्जन्स (ऑब्जेक्ट म्हणजे साठवलेली फाइल) हा कॉल करा. त्याच्या उत्तरात दोन वेगळ्या याद्या येतात, एक व्हर्जन्सची, एक डिलीट मार्कर्सची, आणि बहुतेक लोकांची स्क्रिप्ट इथेच फसते कारण ते पहिलीच यादी साफ करतात. दोन्हीतली प्रत्येक एंट्री ‘की’ (फाइलचं नाव) आणि व्हर्जन आयडी अशा जोडीने डिलीट ऑब्जेक्ट्स या कॉलला द्यायची. एका वेळी जास्तीत जास्त 1000. लिस्टही एका वेळी 1000 च देते, उत्तरात इज ट्रंकेटेड (यादी अजून बाकी आहे) खरं आलं तर नेक्स्ट की मार्कर आणि नेक्स्ट व्हर्जन आयडी मार्कर दोन्ही घेऊन पुढचं पान मागायचं. अजून एक गोष्ट, डिलीट ऑब्जेक्ट्सचा स्टेटस 200 आला म्हणजे सगळं गेलं असं धरू नका, काही ‘की’ अडकल्या असतील तर त्या त्याच 200 च्या उत्तरात आत एरर्स म्हणून येतात, ती यादी कोडमध्ये वाचलीच पाहिजे. पायथनमध्ये बोटो-थ्री ही लायब्ररी वापरत असाल तर बकेटच्या ऑब्जेक्ट व्हर्जन्सवर सरळ डिलीट म्हणता येतं, पानं उलटायचं काम तो स्वतः करतो.

ऑब्जेक्ट्स लाखोंच्या घरात असतील तर मात्र स्क्रिप्ट चालवत बसण्यापेक्षा लाइफसायकल (ठरलेल्या मुदतीने फाइल्स आपोआप काढणारे नियम, म्हणजे रूल) लावा. एका रूलमध्ये चालू व्हर्जन एका दिवसात एक्स्पायर, नॉनकरंट (जुनी) व्हर्जन्स एका दिवसात कायमची डिलीट, अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट (तुकड्यांत केलेले) अपलोडही एका दिवसात रद्द. दुसऱ्या रूलमध्ये उरलेले एक्स्पायर्ड (खाली एकही व्हर्जन न उरलेले) डिलीट मार्कर काढायचे, कारण दिवसांची मुदत आणि हा पर्याय एकाच एक्स्पायरेशनमध्ये देता येत नाही. दिवसाचा हिशोब यूटीसीच्या मध्यरात्रीने होतो म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, आणि मग मागे रांगेत काम चालतं, त्यामुळे रूल लावल्या लावल्या बकेट रिकामी होईल ही अपेक्षा नको. काही दिवस द्या आणि मग बकेट डिलीट करा.

एवढं करूनही काही ऑब्जेक्ट हलत नसतील तर ऑब्जेक्ट लॉक (मुदतीपर्यंत फाइल पुसू न देणारं कुलूप) बघा. कम्प्लायन्स मोडमध्ये मुदत ठरवून ठेवली असेल तर ती संपेपर्यंत रूट युजरलाही (अकाउंटच्या मुख्य मालकालाही) ते व्हर्जन काढता येत नाही, तिथे वाट बघणं आलंच.

आणि आता माझं कळकळीचं सांगणं. बकेटचं नाव कुठल्या अ‍ॅपच्या जुन्या व्हर्जनमध्ये, कुठल्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये, कुठल्या डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं असेल तर बकेट डिलीट करूच नका, फक्त रिकामी करा. डिलीट केलेलं नाव पुन्हा मोकळं होतं आणि उद्या दुसरा कुणीही आपल्या अकाउंटमध्ये त्याच नावाची बकेट बनवू शकतो, मग तुमची विसरलेली स्क्रिप्ट युजरचे फोटो परक्याच्या बकेटमध्ये टाकायला जाईल. त्याने दार उघडं ठेवलं असेल तर ते फोटो गेलेच. रिकामी बकेट ठेवायला स्टोरेजचा खर्च नाही. शिवाय प्रत्येक कॉलबरोबर एक्स्पेक्टेड बकेट ओनर म्हणून आपला 12 आकडी अकाउंट आयडी पाठवायची सवय लावा, मालक दुसरा निघाला तर तिथेच 403 (परवानगी नाही) मिळतो. दोन मिनिटांचं काम आहे पण फार कमी जण करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगला आहे, प्रोजेक्टसाठी कोडमधून बकेट बनवतोय. आधी आमचे_फोटो अशा धाटणीचं इंग्रजी नाव दिलं तर इनव्हॅलिड बकेट नेम आलं, मग फक्त फोटोज दिलं तर बकेट ऑलरेडी एक्झिस्ट्स, मग नाव बदललं तर इल्लीगल लोकेशन कन्स्ट्रेंट. रीजन (डेटा ज्या भागातल्या सर्व्हरवर राहतो तो) मुंबईच आहे.
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तिन्ही एरर वेगळ्या आहेत आणि तिन्ही खरं बोलतायत. नावात इंग्रजी लहान अक्षरं, आकडे, हायफन आणि टिंब एवढंच चालतं, लांबी 3 ते 63, सुरुवात आणि शेवट अक्षराने किंवा आकड्याने. अंडरस्कोअर चालत नाही. टिंब चालत असलं तरी टाळ, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट त्यामुळे जुळत नाही. दुसरं म्हणजे हे नाव तुझ्या अकाउंटपुरतं नसतं, सगळ्या जगाच्या एस-थ्री युजर्समध्ये एकच असावं लागतं, सेवा 2006 पासून चालू आहे त्यामुळे सोपी नावं कधीच गेली. कॉलेज, प्रोजेक्ट, वर्ष असं जोडून लांब नाव घे. तिसरं, क्लायंटमध्ये मुंबई रीजन दिलंस तरी क्रिएट बकेटच्या आत लोकेशन कन्स्ट्रेंट म्हणून परत एपी-साउथ-1 (मुंबईचं सांकेतिक नाव) लिहावं लागतं, फक्त यूएस-ईस्ट-1 ला ते लागत नाही, म्हणून अमेरिकेतली उदाहरणं कॉपी केली की आपल्याकडे हमखास हीच एरर येते. नाव आणि रीजन नंतर बदलता येत नाही, बदलायचं म्हणजे नवीन बकेट आणि सगळा डेटा कॉपी, तेव्हा आत्ताच नीट ठरव.

प्रश्न : लग्नाचे फोटो क्लायंटला द्यायला बकेट पब्लिक केली तर चालेल का? कन्सोल अडवतंय.
– फोटो स्टुडिओ, कोल्हापूर

उत्तर : नका करू, आणि कन्सोल अडवतंय ते बरोबर करतंय. एप्रिल 2023 पासून नव्या बकेटवर पब्लिक अ‍ॅक्सेस आपोआप बंदच येतो. लोकांच्या घरच्या कार्यक्रमाचे फोटो आहेत हे, कुणाच्याही हाती लागू नयेत. बकेट प्रायव्हेटच ठेवा आणि प्रत्येक फाइलची प्रीसाइन्ड लिंक (तुमच्या सहीची, ठरावीक वेळच चालणारी) बनवून द्या, ती जास्तीत जास्त 7 दिवस चालते. फक्त एक लक्षात घ्या, लिंक टेम्पररी क्रेडेन्शियल्सने (थोड्या वेळापुरत्या मिळालेल्या किल्ल्यांनी) साइन केली असेल (सर्व्हरवर रोल वापरला की तसंच होतं) तर ती क्रेडेन्शियल्स संपली की लिंकही मरते, भले तुम्ही 7 दिवस लिहिलेले असोत. क्लायंटचा फोन येतो “ताई लिंक उघडत नाही” तेव्हा आधी हेच तपासा. आठवड्याने परत लिंक लागली तर नवीन बनवून द्या, बनवायला पैसे लागत नाहीत.