गुळाचे रवे आणि संख्याशास्त्र

स. न. वि. वि.

तुमचं कागलहून आलेलं पत्र वाचलं. मुलगी कोल्हापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला संख्याशास्त्र शिकतेय. सूत्रं पाठ आहेत, पण ‘त्याचा अर्थ काय ते कळत नाही’ म्हणून ती रडकुंडीला येते. एका क्लासने कॉम्प्युटरवर शिकवायचे पंचेचाळीस हजार सांगितलेत. कॉम्प्युटरने हा विषय खरंच येतो का, आणि पैसे भरावेत का, असं तुम्ही विचारलंय.

येतो. कॉम्प्युटरच्या मदतीने संख्याशास्त्र शिकवून पाहिलेल्या ४५ अभ्यासांचा एकत्रित हिशोब २०११ साली प्रसिद्ध झाला होता. शंभरातल्या पन्नास जणांच्या पुढे असणारा विद्यार्थी कॉम्प्युटरची जोड मिळाल्यावर सुमारे त्रेसष्ट जणांच्या पुढे जाईल, इतका फरक त्यात सरासरीने दिसला. शिकता शिकता मध्येच प्रश्न विचारून उत्तर द्यायला लावलं होतं, तिथे फायदा जास्त. मुलांना वेळ जास्त मिळाला होता, तिथेही जास्त. म्हणजे यशातला काही वाटा यंत्राचा नाही, बसून घालवलेल्या तासांचा आहे. नुसते व्हिडिओ बघून हे होत नाही. सर्टिफिकेट हातात असलेली, पण ‘प्रमाणित त्रुटी (स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुन्यागणिक सरासरी किती हलते त्याचं माप) म्हणजे काय’ विचारलं की गप्प होणारी मुलं माझ्यासमोर येऊन बसतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

म्हणून एक प्रयोग सांगतो. ओळखीच्या गुळाच्या दुकानात जाऊन तिने एक किलोचे साठ रवे, म्हणजे गुळाच्या छोट्या ढेपा, काट्यावर तोलावेत. एखादा ९८५ ग्रॅम भरेल, एखादा १,०१२. ही साठ वजनं ‘आर’ या सॉफ्टवेअरमध्ये भरायची. मग त्यातली कुठलीही दहा वजनं उचल, एकदा आलेलं पुन्हा आलं तरी चालेल, त्यांची सरासरी काढ, आणि हे हजार वेळा कर, असं त्याला सांगायचं. बटण दाबण्याआधी मात्र त्या हजार सरासऱ्यांचा आलेख किती पसरट येईल ते पेन्सिलने वहीत काढायचं. ही पायरी अजिबात गाळायची नाही. नंतर पुन्हा आधी अंदाजाचा आलेख काढून दहाच्या जागी चाळीस घालायचे. रवे चौपट, पण सरासऱ्यांचा पसारा निम्माच! प्रमाणित त्रुटीच्या सूत्रात छेदाला बसलेलं वर्गमूळ तिला तिथे डोळ्यांनी दिसेल. हाताने हजार वेळा कोण करणार? कॉम्प्युटरचं खरं काम ते.

आता पैशाचं. भरू नका. ‘आर’ फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर संख्याशास्त्राची व्याख्यानं फुकट ऐकता येतात, फी लागते ती परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर. लॅपटॉप नसेल तर जुना, चांगल्या अवस्थेतला घ्या आणि कॉलेजच्या लॅबमध्ये दुपारी बसू देतील का, हे तिने सरांना विचारावं.

फळा मात्र सोडू नका. पुढे शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करायची असो की भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा द्यायची असो, सिद्धता हाताने लिहिता यायलाच हवी. त्या सेवेच्या परीक्षेत संख्याशास्त्राचे चार पेपर असतात, त्यातले शेवटचे दोन वर्णनात्मक.

रव्यांची वजनं आणि पेन्सिलचे दोन आलेख घेऊन तिला माझ्याकडे पाठवा. अंदाज चुकला असला तरी खोडू नये म्हणावं. कुठे चुकला त्यावरून पुढचं काय शिकवायचं ते मला कळेल.