नाक वर राहणाऱ्या ट्रेलरला आधी मोजायची टेप लावा, पाटा राहू द्या

तुमची अडचण थोडक्यात अशी समजली: न्हावा शेवा ते भिवंडी फेऱ्या, जुना घेतलेला ४० फुटी तीन ॲक्सलचा ट्रेलर, आणि तुमच्या सहा चाकी घोड्याला (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकला) जोडला की तो पुढून वर राहतो. शेवटच्या ॲक्सलचे टायर लवकर जातात, ब्रेक मारला की मागून धक्का बसतो. वडाळ्याचा मिस्त्री म्हणतोय, शेवटच्या ॲक्सलच्या कमानीत (पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक पाटा वाढवून देतो.

पाटा वाढवू नका. तिघांपैकी एकाचीच कमान ताठ केली की वजन त्याच्याच अंगावर जातं, म्हणजे आज जे टायर मरतायत तेच आणखी लवकर मरतील. ट्रेलर मागे झुकल्यावर मुळात हेच होत असतं. ॲक्सलांमध्ये वजन वाटणारे इक्वलायझर ठरावीक मर्यादेपर्यंतच हलतात. ती मर्यादा संपली की शेवटचा ॲक्सल दबतो आणि पहिला हलका पडतो. हलक्या ॲक्सलची चाकं ब्रेकला लवकर जाम होऊन घासतात, जड ॲक्सलचे ड्रम तापतात. पहिल्या ॲक्सलच्या टायरवर एकाच जागी चपटा घासलेला डाग आहे का बघा. असला तर निदान झालं म्हणा.

आता माप. नजरेने ठरवू नका, आणि रिकाम्या गाडीवर तर मुळीच नाही. भार आला की घोड्याच्या मागच्या कमानी बसतात, रिकामा असताना नाक वर दिसणारा ट्रेलर भरल्यावर सपाट होऊ शकतो. सगळ्या टायरची हवा बरोबर करा, नेहमीचा माल भरा, गाडी सरळ उभी करा आणि जमिनीपासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंत दोन ठिकाणी मोजा: किंगपिनपाशी (ट्रेलरच्या पुढच्या तळाची, घोड्यात अडकणारी पिन) आणि शेवटच्या ॲक्सलमागे. सपाट जागा शोधणं हेच मुंबईत अर्धं काम आहे. आपल्या पार्किंगमध्ये पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे वजनकाट्याचा प्लॅटफॉर्म बरा. तिथे गेलातच तर आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त ट्रेलरची चाकं असं दोनदा वजन करून घ्या. २०१८ च्या नियमानुसार तुमच्या जोडीला ४५.५ टन मिळतात: पुढे ७, ड्राइव्ह ॲक्सलला (घोड्याच्या मागच्या) ११.५ आणि ट्रेलरच्या तिघांना मिळून २७. एकूण आकडा बसला म्हणून २७ चा बसलाच असं नाही.

दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असेल तर सोडून द्या. नाक किंचित खाली चालेल, वर नको. फरक मोठा असेल तर दोष बहुधा ट्रेलरचा नाही, घोडा आणि ट्रेलर एकमेकांसाठी घेतलेलेच नाहीत. फिफ्थ व्हील, म्हणजे घोड्यावरची किंगपिन पकडणारी प्लेट, वेगवेगळ्या उंचीत मिळतं, कमी उंचीचं बसवणं हा सरळ उपाय. पण उतरवण्याआधी घोड्याच्या मागच्या टायरच्या वर आणि चेसिसच्या टोकाच्या वर किती जागा उरते ते मोजा, नाहीतर गोडाऊनच्या रॅम्पवर ट्रेलर टायरवर टेकेल. जागाच नसेल तर ट्रेलर उचलावा लागतो, तोही तिन्ही ॲक्सलना सारखा आणि ट्रेलर बनवणाऱ्याला विचारून. फिफ्थ व्हील मागे-पुढे सरकवणार असाल तर ते ड्राइव्ह ॲक्सलच्या मध्याच्या थोडं पुढेच राहिलं पाहिजे. मागे गेलं की स्टिअरिंग हलकं होतं. घोड्याच्या चेसिसला वेल्डिंग कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ते काम हाय टेन्साइल बोल्टचं आणि टॉर्क रेंचचं.

ब्रेकचा धक्का वेगळा विषय आहे, तो सपाटीने जाईलच असं नाही. दोन इंची किंगपिन नवी असताना मानेपाशी ५०.८ मिलिमीटर असते. ४९ च्या खाली गेली की बदलायची. व्हर्नियर लावा. पिन ठीक असेल तर बहुधा फिफ्थ व्हीलचे जबडे झिजलेत, त्यांची ॲडजस्टमेंट करून घ्या. पावसाळ्यात प्लेटवरचं ग्रीस धुऊन जातं, आणि जुन्या ग्रीसमध्ये रेती मिसळली की तेच पॉलिश पेपरचं काम करतं. आधी पुसा, मग नवं लावा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण उंची बदलली की जोडण्याची सवयही बदलावी लागते, आणि मला खरी काळजी त्याची आहे. मागे घेताना ट्रेलरचा तळ फिफ्थ व्हीलच्या प्लेटवर टेकून ट्रेलर जरासा उचलला गेला पाहिजे. तो आधीच उंच असेल तर किंगपिन जबड्यात न शिरता वर बसते. मग ड्रायव्हर पुढे ओढून बघतो, गाडी सुटत नाही, तो समाधानाने निघतो, आणि ट्रेलर सुटतो तो एखाद्या खड्ड्यात किंवा वळणावर. म्हणून ओढून बघणं पुरेसं नाही. खाली उतरून टॉर्च मारायचीच: प्लेट आणि ट्रेलर यांत फट नको, जबडे पिनच्या मानेभोवती मिटलेले हवेत, हँडल पूर्ण आत आणि त्याची क्लिप लावलेली. मगच लँडिंग लेग (ट्रेलरचे पुढचे पाय) वर. ट्रेलर जुना असून स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की आपोआप लागणारे) नसतील तर हवा उतरल्यावर त्याला धरून ठेवणारं काही नसतं, तेव्हा जोडताना आणि सोडताना चाकाखाली उटी, म्हणजे अडकवायचा ठोकळा, हवीच.

एक शंका शेवटी. तुम्ही एकच भरलेला २० फुटी कंटेनर नेता तेव्हा तो दरवाजा धक्क्याला लागावा म्हणून अगदी मागे ठेवता का? तसं असेल तर किंगपिनवर फारसा भार येत नाही, घोड्याच्या कमानी बसत नाहीत आणि नाक वर राहतं. ओल्या चढावर ड्राइव्हची चाकं जागेवर फिरतात तीही यामुळेच. मधल्या ट्विस्ट लॉकवर (कंटेनरचे कोपरे पकडणाऱ्या कुलपांवर) ठेवून एक फेरी करा आणि पुन्हा मोजा. दोन्ही मापं, टायरचा साइज आणि काट्याची पावती कळवा, मग फिफ्थ व्हील किती उतरवायचं ते सांगतो.